शाँबॉर : प्रासाद व वनोद्यान

शाँबॉर : फ्रान्समधील प्रबोधनकालीन राजप्रासाद व त्याभोवतीचे तटबंद वनोद्यान. ल्वार-ए-शेर विभागात, ब्ल्वा शहराच्या पूर्वेस सु. १५ किमी. व पॅरिसच्या दक्षिण-नैर्ऋत्येस सु. १६० किमी. अंतरावर, कोसाँ या लहान नदीच्या काठी तो वसला आहे. ल्वार नदीच्या खोऱ्यातील प्रासादांत तो आकाराने सर्वांत मोठा असून त्याच्या बांधकामास १५१९ मध्ये प्रारंभ झाला. वनोद्यानाचे क्षेत्रफळ ५,४४० हेक्टर असून त्याला सु. ३२ किमी. लांबीची दगडी भिंत आहे. वास्तुकलेच्या इतिहासग्रंथांतून प्रासादाची चर्चा विस्ताराने व वनाची ओझरती आढळते. तथापि हा क्रम उलटा लावल्याखेरीज शाँबॉरचा उलगडा होत नाही. वन येथे आधीपासून होते. प्रासाद त्या वनासाठी उभा राहिला आणि त्याच्या बऱ्यावाईट इतिहासाचे धागेदोरेही वनातच सापडतात.

ल्वारच्या दक्षिणेकडील हा प्रदेश सॉलोन्य या नावाने ओळखला जातो. वाळूमिश्रित चिकणमाती, पाण्याचा निचरा न होणारी सखल जमीन, असंख्य तळी आणि विरळ वस्ती ही त्याची लक्षणे होत. शेतीच्या दृष्टीने निकृष्ट असलेली ही भूमी वन्य पशुपक्ष्यांना मात्र मानवली. ब्ल्वाचे काउंट मध्ययुगापासून येथे शिकारीस येत आणि शाँबॉर येथे त्यांची एक जुनी गढीही होती. १४९८ मध्ये याच घराण्यातील बारावा लुई फ्रान्सच्या गादीवर आला व त्यांची वने राजसत्तेकडे आली. त्याचा उत्तराधिकारी पहिला फ्रान्सिस (कार. १५१५–४७) वयाच्या विसाव्या वर्षी राजा झाला. त्याच वर्षी मारीन्यानोच्या लढाईत विजय मिळवून त्याने मिलान घेतले. इटलीतील नव्या कलेची मोहिनी त्याच्यावर पडली ती तेव्हापासून.

फ्रान्सिसला दोन व्यसने होती : बांधकाम व शिकार. ‘शिकाऱ्यांचा पिता’ असे बिरुद त्याला समकालीनांनी दिले होते. हरणाचा माग काढून, शिकारी कुत्री सोडून व घोड्यावरून तासन्‌तास पाठलाग करून त्याला दमवून मारणे, हा त्या काळी केवळ विरंगुळा नव्हता. तो राजाचा युद्धसराव होता, दरबारी सोहळा होता आणि भूमीवरील स्वामित्वाचे जाहीर प्रदर्शनही होते. १५१६ च्या फर्मानाने त्याने राजवनांतील चोरट्या शिकारीस कडक शिक्षा ठरवून दिल्या. ज्या शेतकऱ्याच्या पिकात रानडुकरे शिरत, त्यानेच ती मारली तर तो गुन्हेगार ठरे. शाँबॉरच्या भव्यतेचा विचार करताना ही बाजू नजरेआड करता येत नाही.

बांधकामासाठी जुनी गढी पाडण्यात आली व ६ सप्टेंबर १५१९ रोजी फ्रांस्वा द पाँब्रीआँ याची कामावर देखरेखीसाठी नेमणूक झाली. झाक सूर्दो, प्येर नव्हो इ. गवंडीप्रमुखांची नावे कागदपत्रांत येतात; पण आराखडा कोणाचा, हा प्रश्न शतकानुशतके वादग्रस्त राहिला आहे. दोमेनीको दा कोर्तोना या इटालियन कारागिराने प्रासादाची लाकडी प्रतिकृती केली होती. ती नष्ट झाली असली, तरी सतराव्या शतकात फेलीब्याँ याने तिच्यावरून काढलेली रेखाचित्रे उपलब्ध आहेत. दुसरे नाव लिओनार्दो दा व्हींचीचे. फ्रान्सिसच्या निमंत्रणावरून तो १५१६ मध्ये फ्रान्सला आला, आंब्वाझ येथे राहिला आणि २ मे १५१९ रोजी, म्हणजे शाँबॉरचे काम सुरू होण्याच्या चार महिने आधी, मरण पावला. तत्पूर्वी राजमातेसाठी रोमोरांतँ येथे एका विस्तीर्ण राजवाड्याची योजना त्याने आखली होती. ती सोडून देण्यात आली आणि लवकरच शाँबॉरचे काम हाती घेण्यात आले. त्याच्या टिपणवह्यांत अनेकपदरी जिन्यांची व मध्यवर्ती रचनेच्या इमारतींची रेखाटने आहेत. शाँबॉरचा कर्ता म्हणून त्याचे नाव सांगणारा एकही कागद नाही. मात्र कल्पनेचे बीज त्याचे असावे, हे मत आता बहुतेक अभ्यासकांना ग्राह्य वाटते. मूळ आराखड्यात बालेकिल्ल्याचे चार भाग पवनचक्रीच्या पात्यांप्रमाणे एका केंद्राभोवती फिरते योजले होते, असे अनुमान इमारतीच्या पुरातत्त्वीय तपासणीवरून काही संशोधकांनी काढले असून त्यामुळे या मतास बळकटी मिळते. इमारत एकाच प्रतिभावंताची मानण्याचा मोह मात्र टाळावयास हवा. इटालियन कल्पना, फ्रेंच गवंड्यांचे हात आणि काम चालू असताना आराखड्यात झालेले बदल, अशा तिहेरी मिश्रणातून ती घडली आहे.

वास्तूचा गाभा म्हणजे चौरस बालेकिल्ला. त्याच्या चार कोपऱ्यांस चार प्रचंड वर्तुळाकार बुरूज आहेत. लढाऊ किल्ल्याचे हे जुने फ्रेंच रूप येथे केवळ प्रतिष्ठेसाठी स्वीकारले आहे. कारण तोफांच्या युगात या बुरुजांना लष्करी अर्थ उरला नव्हता आणि भिंतींना तर मोठाल्या खिडक्या आहेत. आतील मांडणी मात्र पूर्णपणे नवी आहे. प्रत्येक मजल्यावर ग्रीक क्रुसाच्या आकाराचे दालन असून त्याच्या चार भुजांमुळे तयार झालेल्या चार कोपऱ्यांत व चार बुरुजांत एकसारखी निवासस्थाने आहेत. एक मोठी खोली, लगतच्या लहान खोल्या व कपड्यांची खोली असा प्रत्येक निवासाचा साचा असून तोच मजल्यामागून मजल्यावर येतो. दुसऱ्या मजल्यावरील दालनांच्या कमानदार छतांत राजाचे आद्याक्षर व सॅलॅमँडर हे त्याचे राजचिन्ह शेकडो वेळा कोरले आहे. हा प्राणी आगीत जगतो व आग विझवितो, अशी त्या काळी समजूत होती.

क्रुसाच्या मध्यभागी शाँबॉरचा सुप्रसिद्ध दुहेरी सर्पिल जिना आहे. एकाच पोकळ मध्यस्तंभाभोवती दोन स्वतंत्र जिने एकमेकांवरून वळत वर जातात. एकावरून चढणारा व दुसऱ्यावरून उतरणारा यांना मध्यस्तंभाच्या झरोक्यांतून परस्परांची झलक दिसते. पण मजला येईपर्यंत त्यांची गाठ पडत नाही. सतराव्या शतकात गास्ताँ या राजबंधूची लहान मुलगी (पुढे माद्म्वाझेल द माँपांस्ये म्हणून ख्यातनाम झालेली) वडिलांना पकडावयास या जिन्यावर धावली आणि ते दुसऱ्या वाटेने तिला हुलकावणी देत राहिले, ही आठवण तिने आपल्या संस्मरणिकेत नोंदविली आहे. आंद्रेआ पाल्लाद्यो याने १५७० च्या आपल्या वास्तुग्रंथात या जिन्याचे वर्णन केले. मात्र त्यात दोनाऐवजी चार पदर असल्याचे सांगितले. त्याने तो प्रत्यक्ष पाहिला नसावा, किंवा न बांधल्या गेलेल्या मूळ कल्पनेची वार्ता त्याच्या कानी आली असावी. यांपैकी दुसरा तर्क अधिक रंजक असला, तरी तो सिद्ध झालेला नाही.

जिना संपतो तो गच्चीवर. त्यावरील दीपमनोरा जमिनीपासून ५६ मी. उंच आहे. त्याभोवती धुराडी, जिन्यांचे लहान मनोरे, छतातील नक्षीदार खिडक्या व निमुळती शिखरे यांची इतकी गर्दी आहे, की लांबून पाहणाऱ्यास छपरावर एखादे छोटे नगरच वसल्याचा भास व्हावा. तूफो नावाचा ल्वार खोऱ्यातील मऊ, पांढरा चुनखडक बांधकामास वापरला असून त्यात पाटीच्या काळ्या दगडाचे गोल, चौकोनी व शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे जडविले आहेत. इटलीतील रंगीत संगमरवरी जडावकामाची ही फ्रेंच बदली होय. खालच्या मजल्यांची शिस्त आणि माथ्यावरील ही उधळण यांतील विसंगती अनेक टीकाकारांना खटकली आहे. परंतु गच्ची ही शोभेपुरती नव्हती. शिकारीचे प्रस्थान, झाडीत शिरणारी व बाहेर पडणारी कुत्री, परतणारे घोडेस्वार हा सारा देखावा दरबारातील स्त्रिया व पाहुणे येथून पाहत. वनाला रंगभूमी मानले, तर शाँबॉरची गच्ची हे तिचे प्रेक्षागार होते.

दर्शनी बाजूची लांबी १५६ मी., ४२६ खोल्या, २८२ शेकोट्या व ७७ जिने हे आकडे पर्यटकांना आवर्जून सांगितले जातात. त्यांच्याइतकाच बोलका आकडा निराळा आहे : बत्तीस वर्षांच्या कारकिर्दीत फ्रान्सिसचा येथील एकूण मुक्काम सु. ७२ रात्रींचा भरतो. दरबार त्या काळी फिरता असे. राजाबरोबर हजारो माणसे व घोडे, तसेच पलंग, पेटारे, भित्तिपट, भांडीकुंडी असा सारा संसार गाड्यांवरून येई आणि तो निघून गेला, की प्रासाद रिकामा होई. जवळपास मोठे गाव नसल्याने अन्नधान्य दुरून आणावे लागे. उंच, आरपार वारा खेळणारी दालने शेकोट्यांनी ऊब धरीत नसत. अखेर राजाने स्वतःसाठी ईशान्येकडील बाजूस वेगळा निवास बांधावयास घेतला. पश्चिमेकडील प्रार्थनामंदिराचे काम त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्या हेन्रीने व खूप पुढे चौदाव्या लुईने चालू ठेवले. प्रासादापर्यंत ल्वारचा प्रवाहच वळवून आणावा, असाही एक विचार फ्रान्सिसच्या मनात होता. प्रत्यक्षात कोसाँवर भागवावे लागले.

बांधकामात मोठा खंड पडला तो १५२५ मध्ये. पाव्हीयाच्या लढाईत फ्रान्सिस पराभूत होऊन सम्राट पाचव्या चार्ल्सचा कैदी झाला व वर्षभर माद्रिदला राहिला. सुटकेनंतर त्याने काम पुन्हा जोमाने सुरू केले. दोन मुलगे ओलीस ठेवावे लागले असताना व खंडणीचा बोजा राज्यावर असतानाही शाँबॉरवरचा खर्च थांबला नाही, यावरून त्याला या वास्तूचे मोल काय वाटत होते ते कळते. डिसेंबर १५३९ मध्ये गेंटचे बंड मोडावयास निघालेला हाच सम्राट फ्रान्समधून जात असता फ्रान्सिसने त्याचे शाँबॉर येथे आगतस्वागत केले. पाहुण्याला येथे आणण्यात यजमानाचा हेतू उघड होता. १५५२ मध्ये दुसऱ्या हेन्रीने जर्मन प्रॉटेस्टंट राजांशी याच चार्ल्सविरुद्ध केलेला तह शाँबॉरचा तह म्हणून प्रसिद्ध असून त्यामुळे मेस, तूल व व्हेर्दँ या नगरांचा मार्ग फ्रान्सला मोकळा झाला.

वनाभोवतीची भिंत १५४२ मध्ये सुरू झाली आणि गास्ताँ, ऑर्लेआंचा ड्यूक याच्या काळात, सु. १६४५ मध्ये, पूर्ण झाली. एवढ्या अवधीत आसपासची शेते, कुरणे व वाड्या विकत घेऊन उद्यानाची हद्द वाढविण्यात आली. प्रासादाइतकेच हे कामही प्रचंड होते, पण त्याची कीर्ती झाली नाही. सु. अडीच मी. उंचीच्या या भिंतीने जनावरे आत कोंडली गेली आणि माणसे बाहेर ठेवली गेली. सरपण, गुरांची चराई, डुकरांसाठी ओकची फळे हे वनाकाठच्या शेतकऱ्याच्या उपजीविकेचे आधार होते. त्यांवर आता राजाच्या वनाधिकाऱ्यांची नजर होती. १७८९ मध्ये फ्रान्सभर तयार झालेल्या गाऱ्हाण्यांच्या वह्यांत शिकारीच्या मक्तेदारीविषयीच्या व पिकांच्या नासाडीविषयीच्या तक्रारी पुनःपुन्हा येतात. त्यांमागील अनुभव शाँबॉरसारख्या वनांच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या साचलेला होता.

चौदावा लुई आपल्या कारकिर्दीत नऊ वेळा येथे आला. त्याच्यासमोर मोल्येरची मस्य द पूर्सोन्याक (६ ऑक्टोबर १६६९) व ल बूर्झ्वा झांतीयॉम (१४ ऑक्टोबर १६७०) ही नाटके प्रथम झाली. दोहोंचे संगीत ल्यूलीचे होते. दोन्ही तारखा ऑक्टोबरमधील आहेत, कारण शिकारीचा हंगाम तोच. व्हेर्सायला दरबार स्थिरावल्यावर मात्र शाँबॉरची गरज संपली. पंधराव्या लुईने आपला सासरा, पोलंडचा पदच्युत राजा स्तानिस्लास लेश्चिन्स्की याला १७२५ ते १७३३ पर्यंत येथे ठेवले. साचलेल्या पाण्यामुळे उद्‌भवणाऱ्या तापाने त्याची माणसे आजारी पडत व उन्हाळ्यात त्याला दुसरीकडे जावे लागे. पुढे दलदल भरून प्रासादासमोर रेखीव बाग करण्यात आली. १७४५ मध्ये फाँतन्वाच्या विजयाबद्दल मार्शल मॉरिस द साक्स याला शाँबॉर देण्यात आले. तो आपल्या घोडदळासह येथे राहिला आणि १७५० मध्ये येथेच मरण पावला. प्रासादाला खरीखुरी नांदती घरे लाभली, ती या दोन परकीय पाहुण्यांच्या काळातच, हा योगायोग लक्षणीय आहे.

४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्कांबरोबर शिकारीचा मक्ताही रद्द झाला. भोवतालच्या गावकऱ्यांनी उद्यानात शिरून हरणे मारली, झाडे तोडली व गुरे चारली. इतिहासकारांनी या घटनेस लूट म्हटले आहे. गावकऱ्यांच्या दृष्टीने तो थकलेल्या हिशेबाचा एक भाग होता, असेही म्हणता येईल. १७९२ मध्ये क्रांतिशासनाने प्रासादातील सामान लिलावात काढले. भिंती मात्र शाबूत राहिल्या. नेपोलियनने १८०९ मध्ये शाँबॉर मार्शल बेर्त्ये याला बहाल केले. त्याच्या विधवेने ते विकावयास काढले, तेव्हा राजनिष्ठांनी देशभर वर्गणी जमवून १८२१ मध्ये ते बूर्बाँ घराण्याच्या बालवारसासाठी खरेदी केले. राजपुत्राला भेट देण्यासाठी शेतकऱ्यांकडून वर्गणी कशाला, असा रोखठोक सवाल करणारे पत्रक पॉल-लुई कूर्ये या लेखकाने लिहिले व त्याबद्दल तुरुंगवास भोगला.

हा वारस पुढे शाँबॉरचा काउंट म्हणून ओळखला गेला. १८३० च्या क्रांतीनंतर त्याचे आयुष्य परदेशात गेले व प्रासादाची डागडुजी त्याच्या कारभाऱ्यांकरवी होत राहिली. १८७१ मध्ये राजेशाहीच्या पुनःस्थापनेची शक्यता निर्माण झाली असता तो काही दिवस येथे आला आणि ५ जुलै रोजी येथूनच त्याने जाहीरनामा काढला : चौथ्या हेन्रीचा पांढरा ध्वज सोडून तिरंगी ध्वज आपण स्वीकारणार नाही. या हट्टामुळे त्याचा राज्याभिषेक झाला नाही व प्रजासत्ताक टिकले. त्याच्या पॅरिस-प्रवेशासाठी सिद्ध केलेल्या, परंतु कधीच न वापरलेल्या घोडागाड्या प्रासादात पाहावयास मिळतात. तो १८८३ मध्ये मृत्यू पावल्यावर मालमत्ता बूर्बाँ-पार्मा घराण्याकडे गेली. तिचा वारस ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी असल्याने पहिल्या महायुद्धात ती जप्त झाली आणि १९३० मध्ये फ्रेंच शासनाने ती विकत घेतली.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, ऑगस्ट १९३९ मध्ये, लूव्ह्‌र संग्रहालयातील कलाकृती पॅरिसबाहेर हलविण्यात आल्या, तेव्हा शाँबॉर हे त्यांचे मुख्य जमा-केंद्र ठरले. मोना लिसा हे चित्रही काही काळ येथे होते. आडवळणाची जागा, जाड भिंती आणि भोवतीचे निर्जन वन हे राहण्याच्या दृष्टीने असलेले दोषच येथे उपयोगी पडले. युद्धातून वाचलेल्या वास्तूस १९४५ मध्ये मात्र आग लागून छपराचा काही भाग जळाला. त्यानंतर दुरुस्तीचे काम सु. तीस वर्षे चालले. १९८१ मध्ये प्रासाद व उद्यान यांची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. २००० मध्ये ल्वार खोऱ्याच्या विस्तृत नोंदीत त्यांचा समावेश करण्यात आला. २०१६ च्या जूनमध्ये कोसाँला पूर येऊन प्रासाद पाण्याने वेढला गेला. २०१७ मध्ये उत्तरेकडील अठराव्या शतकातील बाग जुन्या नकाशांवरून पुन्हा तयार करण्यात आली. फ्रान्सिसच्या निवासाची बाजू बांधकामातील कमकुवतपणामुळे २०२३ मध्ये लोकांसाठी बंद करावी लागली. सॉलोन्यची ओली–कोरडी होत राहणारी जमीन पाच शतकांनंतरही या वास्तूची पाठ सोडीत नाही.

प्रवासी शाँबॉरला जातो, तो भिंतीतील सहा दरवाजांपैकी एखाद्यातून. त्यानंतर काही किलोमीटर दुतर्फा ओक, भूर्ज व पाइन यांची दाटीच असते. पाइनची बरीचशी लागवड एकोणिसाव्या–विसाव्या शतकांतील आहे, त्यामुळे फ्रान्सिसने पाहिलेले वन हेच, असे मानता येत नाही. मग एकाएकी झाडी संपून मोकळ्या मैदानापलीकडे पांढरी इमारत दिसू लागते. प्रासाद पाहून बहुतेक जण परततात. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मात्र पहाटे व संध्याकाळी वनातील निरीक्षण-मचाणांवर गर्दी होते. तांबड्या हरणांच्या माजाचा हा काळ असून नरांच्या डुरकण्या दूरवर ऐकू येतात.

१९४७ पासून हे वन राष्ट्रीय मृगयाक्षेत्र आहे. हरणे, रानडुकरे व रो हरणे यांच्याबरोबरच कॉर्सिकातील मूफ्लॉन ही रानमेंढीही येथे आणून सोडण्यात आली. येथील हरणे जिवंत पकडून, जेथे ती नामशेष झाली होती अशा फ्रान्समधील इतर वनांत नेऊन सोडण्याचा उपक्रम अनेक वर्षे चालला. शिकार मात्र संपली नाही. पाचव्या प्रजासत्ताकाचे अध्यक्ष आपल्या पाहुण्यांना येथे शिकारीस बोलावीत; जुन्या राजरिवाजाची ही लोकशाही आवृत्ती राष्ट्राध्यक्ष झाक शिराक यांनी १९९५ मध्ये बंद केली. कोंडलेल्या क्षेत्रात नैसर्गिक शत्रू नसल्याने जनावरांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी नियंत्रित शिकार करावीच लागते, ही भिंतीचीच देणगी म्हणावयाची. शाँबॉर गावातील घरे शासनाच्या मालकीची असून सु. शंभर रहिवासी त्यांत भाडेकरू म्हणून राहतात. उद्यानाचा सु. एक हजार हेक्टर भाग लोकांना फिरण्यास खुला आहे; उरलेला भिंतीआड बंद असतो.